आधी डॅकची पाठ बघा

घरच्या म्युझिक स्ट्रीमरसाठी डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायरला कळणारा सिग्नल करून देणारी डबी) घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो चिपचा. ईएसएसची की एकेएमची? दुकानदारालाही हाच प्रश्न सोयीचा, कारण चिपचं नाव खोक्यावर ठळक छापलेलं असतं. पण दहा-पंधरा हजारांपर्यंतचा डॅक घेताना या प्रश्नाला फार किंमत देऊ नये, असं माझं मत झालं आहे. आमच्या घरी जे घडलं त्यावरून.

एक छोटा कॉम्प्युटर स्ट्रीमर म्हणून लावला होता, थ्री-पिन प्लगचा. जुना अ‍ॅम्प्लिफायरही थ्री-पिनचाच. दोघांच्या मध्ये यूएसबीवर चालणारा डॅक. चित्रपटगीतं, भावगीतं वाजत असताना काही कळायचं नाही. मग एक दिवस ख्याल लावला. गवयाने अजून सूर लावलेला नव्हता, नुसते तंबोरे चालू होते. आमची आत्या गाणं शिकवायची. ती आतल्या खोलीतून म्हणाली, "अरे, पंचम उतरलाय का रे यांचा?"

तंबोरा जागेवर होता. गवयाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे पंचमाची तार साधारण 104 हर्ट्झवर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. तिची गुणगुण स्पीकरमध्ये शिरली की 50 वर ऐकू येते आणि तिच्या दुपटीवर, 100 वरही. 100 आणि 104 एकत्र वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे पडतात. पंचम थरथरत होता तो त्यामुळे. इतकी बारीक गुणगुण गिटार-ड्रमच्या गाण्यात वर्षभर लपून राहिली असती.

दुकानात फोन केला. "सर, ती चिप एन्ट्री लेव्हलची आहे, वरचं मॉडेल घ्या." वरचं मॉडेल आलं. किंमत जवळपास दुप्पट, गुणगुण तश्शीच.

दोष चिपचा नव्हताच. कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेली होती: एकदा भिंतीतल्या वायरिंगमधून आणि एकदा यूएसबी व ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून. या वेढ्यातून बारीकसा प्रवाह फिरत राहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यालाही गाणं समजून मोठा करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. ओळखायची युक्ती फुकटातली आहे. चार्जर काढून बॅटरीवर चालणारा लॅपटॉप त्याच डॅकला लावा. गुणगुण थांबली, तर कितीही महागडा डॅक आणला तरी ती कॉम्प्युटरबरोबर परत येणार. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समार्गे त्याच अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचत असेल, तर तीही काढून बघा. सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यानेही काही घरांत फरक पडतो. मात्र कुणी इलेक्ट्रिशियन "अर्थची पिन काढून टाकू, आवाज जाईल" म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. आवाज जाईलही, पण उद्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यात वीज उतरली तर ती तुमच्या हातातून जाईल.

खरा उपाय ऑप्टिकल केबलचा. तोशिबाने 1983 मध्ये आणलेल्या टॉसलिंकमधून प्रकाश जातो. त्यात तांब्याची तार नाही, त्यामुळे वेढा तिथेच तुटतो. म्हणून डॅक हातात घेतला की आधी उलटा करून त्याची पाठ बघावी: ऑप्टिकल इनपुट आहे का? स्वस्तातल्या कित्येक डॅकना फक्त यूएसबी असतं. आणि स्ट्रीमरला ऑप्टिकल आउटपुट आहे का? माझ्या कॉम्प्युटरला होतं, म्हणून पहिलाच, कमी किमतीचा डॅक पुन्हा जोडला आणि पंचम जागेवर आला. केबलच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची पारदर्शक टोपणं असतात, ती काढायला विसरू नका. ती न काढता केबल खुपसून डॅक बिघडला म्हणून परत करणारे कमी नसावेत.

ऑप्टिकलची मर्यादाही सांगून ठेवतो. 24 बिट, 96 किलोहर्ट्झपर्यंत ती भरवशाची. 192 कधी चालतं, कधी नाही. सीडी 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झची असते आणि माणसाच्या कानाला पुरेल एवढं सगळं तिच्यात मावतं. खोक्यावरच्या 768 च्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. एमक्यूए या ऑडिओ फॉरमॅटच्या शिक्क्यासाठीही नाही. त्यामागची कंपनी 2023 मध्ये डबघाईला येऊन विकली गेली, आणि तिचा मोठा आधार असलेल्या टायडल या स्ट्रीमिंग सेवेने 2024 मध्ये तो प्रकार बंदच केला.

चिपबद्दल एवढंच. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या नोबेओकाचा एकेएमचा कारखाना जळाला आणि अनेक कंपन्यांना दुसऱ्या चिपवर जावं लागलं. ज्यांची बांधणी नेटकी होती त्यांचे नवे डॅकही चांगलेच निघाले.

दुकानात दोन डॅक ऐकून निवडणार असाल तर आवाजाची पातळी सारखी करून घ्या. बहुतेक डॅक 2 व्होल्ट देतात. हजारभरातले डोंगल, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेले इवलेसे डॅक, 1 व्होल्टच्या आसपास. म्हणजे 6 डेसिबलचा फरक, आणि जरा मोठं वाजणारं आपल्या कानाला नेहमी जास्त गोड लागतं. वरच्या मॉडेलला दोन मिनिटं मीही "वा!" म्हणालो होतो. डोंगल लावून अ‍ॅम्प्लिफायरचं बटण थोडं पुढे फिरवलं, तर बऱ्याच घरांत तेवढ्यावर भागतं.

बाहेरचा डॅक खरोखर कुणाला लागतो? रास्पबेरी पाय 4 या छोट्या कॉम्प्युटरचा हेडफोन जॅक सुमार आहे आणि पाय 5 ला तो नाहीच, तेव्हा पायवाल्यांना लागतोच. पण घरात एव्ही रिसीव्हर असेल किंवा अलीकडचा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर पैसे काढण्याआधी त्याच्या मागे टॉर्च मारून बघा. चौकोनी, झडप असलेलं छोटं भोक आणि शेजारी 'ऑप्टिकल इन' असं लिहिलेलं दिसलं, तर डॅक आतच बसलेला आहे. फक्त केबल आणा.