शब्दाची किंमत

मनुष्य आपले काम कसे करतो, हे केवळ त्याच्या हुशारीवर अवलंबून नसते. तो मनाशी कोणती गोष्ट मोलाची मानतो, यावरही ते ठरते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रातील एक प्रसंग याची साक्ष देतो.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. थोरल्या बंधूंनी नोकरी धरून त्यांना शिकविले. पुढे गोखले पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात अवघ्या ७५ रुपये वेतनावर शिकवू लागले. तेथेच न्यायमूर्ती रानडे यांचा सहवास त्यांना लाभला. आधी नीट अभ्यास, मग लेखन वा भाषण, ही शिस्त त्यांनी रानड्यांपासून घेतली.

इ. स. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. त्यांची साक्ष उत्तम झाली. याच वेळी पुण्यात प्लेगने थैमान मांडले होते. रोगी शोधण्यासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरत, त्यामुळे लोक संतापले होते. सोजिरांनी स्त्रियांची विटंबना केल्याचे पुण्याच्या मित्रांनी गोखल्यांना पत्रांतून कळविले. ते वाचून त्यांचे अंतःकरण पेटून उठले आणि त्यांनी तो आरोप तेथील एका वृत्तपत्रातून जाहीर केला.

सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले. त्यांनी पुष्कळ शोध केला. पण आरोप सिद्ध करील असा पुरावा हाती लागेना. आता काय करावे? गप्प बसता आले असते. पत्रे लिहिणाऱ्यांकडे बोट दाखविता आले असते. गोखल्यांनी यांपैकी काहीच केले नाही. मित्रांची नावे त्यांनी उघड केली नाहीत. जे आपण सिद्ध करू शकत नाही, ते आपण बोलावयास नको होते, असे मानून त्यांनी जाहीर क्षमा मागितली.

तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. कित्येकांनी त्यांना भित्रे ठरविले. लोकांचे हाल तर खरे होते. मग माफी कशाला, असे लोक विचारीत. हा घाव गोखल्यांच्या जिव्हारी लागला. तथापि त्यांनी सार्वजनिक कार्य सोडले नाही. उलट प्रत्येक शब्द तोलून बोलण्याचे व्रत अधिकच कडकपणे पाळले.

या व्रताचे फळ पुढे दिसले. १९०२ साली ते वरिष्ठ कायदेमंडळात गेले. सरकार आपल्या तिजोरीतील शिलकेचा अभिमान मिरवीत होते. ही शिल्लक प्रजेच्या भरभराटीची खूण नसून जादा करांचे फळ आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. गरिबाच्या मिठावरील कर कमी करा, ही मागणी ते वर्षानुवर्षे करीत राहिले. एका मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली एक रुपया झाला. गोखल्यांच्या चिकाटीचा त्यात मोठा वाटा होता.

ज्याने एकदा आपली चूक चारचौघांत कबूल केली, त्याच्या आकड्यांवर विरोधकही विश्वास ठेवीत. १८९७ साली ज्या सत्यप्रीतीने गोखल्यांची मान खाली घालविली, तिनेच पुढे त्यांच्या शब्दाला वजन दिले.

स्वाध्याय

१. गोखल्यांना क्षमा का मागावी लागली? त्यांच्यापुढे दुसरे कोणते मार्ग होते?
२. ‘लोकांचे हाल तर खरे होते, मग माफी कशाला?’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल?
३. ‘जिव्हारी लागणे’ व ‘शब्द तोलून बोलणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.