कान वाहतोय? तेल घालू नका

निरोगी कानाच्या नळीतही जिवाणू राहतात, आणि ते राहायलाच हवेत. मळ थोडा आंबट गुणाचा आणि चिकट असतो. त्यात हे निरुपद्रवी जिवाणू टिकतात, त्रास देणाऱ्यांना मात्र जम बसवता येत नाही. म्हणून मळाला घाण समजू नका. नळीची कातडी आतून बाहेर सरकते, जेवताना जबडा हलतो आणि मळ आपसूक बाहेर येतो.

पावसाळ्यात सुरतच्या लिंबायतमध्ये हवा दमट असते, मिठी खाडी फुगली की पाणी वस्तीत शिरतं. अशात कान खाजला की काडी, केसांचा आकडा, गाडीची चावी, जे हाती लागेल ते आत जातं. मळ निघतो, कातडी सोलते, ओल राहते आणि स्यूडोमोनास नावाचा जिवाणू फोफावतो. कानाच्या भोकापुढचा उंचवटा दाबल्यावर कळ आली तर बहुधा नळीच सुजलेली असते. लूमवर काम करणाऱ्यांनी कानात वापरलेला कापूस पुन्हा घालू नये; त्याने आवाजही फारसा अडत नाही. रबराचे इअरप्लग घ्या, रोज धुऊन कोरडे करा.

मुलांचं दुखणं वेगळं. नाकाला मधल्या कानाशी जोडणारी नळी त्यांच्यात आखूड आणि आडवी असते. सर्दीत न्यूमोकॉकस, हिमोफिलस हे जिवाणू त्या वाटेने वर चढतात. पडद्यामागे पू साठतो, मूल रात्रभर रडतं. मग पडदा फुटतो, उशीवर पिवळा डाग दिसतो आणि ठणका एकदम थांबतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं. नेमकं तेव्हाच लसूण घालून कढवलेलं तेल पुढे येतं. धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या आपल्या घरांत हा उपाय जुना आहे, आणि आजी तो मायेनेच करते. पण पडद्याला भोक असताना ते तेल थेट मधल्या कानात उतरतं. आजीबाई, एवढं माझं ऐका: कान फक्त कोरडा ठेवा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरच्या बाजूला बसवा, नंतर काढून टाका. अशी बरीच भोकं काही आठवड्यांत भरून येतात.

दोन आठवडे उलटूनही कान वाहत असेल तर जिवाणूंनी आत चिकट थर धरलेला असू शकतो. तो आधी डॉक्टरांनी साफ करायचा, मग थेंब घालायचे. घरात उरलेली बाटली वापरू नका. जेंटामायसिनसारखं औषध फुटक्या पडद्यातून आत गेलं तर ऐकूच कमी येऊ शकतं, आणि स्टेरॉइड मिसळलेल्या थेंबांनी बुरशी वाढते.

न्यूमोकॉकसची लस 2021 पासून देशभरातल्या सरकारी केंद्रांत मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. बाळाचं कार्ड आजच काढून बघा.

पुवाला दुर्गंधी, कानामागे सूज, चक्कर, तोंड वाकडं होणं, किंवा मधुमेह असलेल्या माणसाचा रात्री झोपू न देणारा कानाचा ठणका, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी स्मीमेर किंवा नव्या सिव्हिल रुग्णालयात जा.