बॅटरी पॅक स्वतः बनवायचा की तयार घ्यायचा? आधी हे गणित मांडा

साध्या सायकलला मोटर किट बसवून द्यायचा धंदा सुरू करताय? मग हा प्रश्न येणारच: बॅटरी पॅक तयार घ्यायचा, की सेल आणून आपणच बनवायचा?

पॅकमध्ये असतं काय?
३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे ३.६ व्होल्ट, २.५ अँपिअर-अवरचे ४० लिथियम-आयन सेल. चार-चार सेल पॅरलल जोडून दहा गट करायचे आणि ते गट सिरीजमध्ये जोडायचे. शिवाय बीएमएस, निकेल पट्टी, इन्सुलेशन, वायरिंग. नुसतं साहित्य मोजलं की वाटतं, अरे, यात तर मस्त बचत आहे!

पण थांबा. एक सेल जरी कमजोर निघाला, तरी त्याचा गट लवकर उतरतो आणि बीएमएस पूर्ण पॅक बंद करतो. म्हणून प्रत्येक सेल तपासून, जुळवूनच लावावा लागतो. त्यासाठी टेस्टर हवा, स्पॉट वेल्डर हवा आणि वेळ हवा. इन्सुलेशन चुकून शॉर्ट झालं, तर आग ग्राहकाच्या घरात लागते.

आता गणित (आकडे समजण्यापुरते)
समजा, तयार पॅक ९,००० रुपयांना पडतो आणि घरच्या पॅकचं साहित्य ७,५००. बचत १,५००.

- महिन्याला २० पॅक: बचत ३०,०००. कारागिराचा पगार १५,०००. वॉरंटीत एक पॅक बदलून दिला, ७,५००. उरले ७,५००. मशीनचा हप्ता यातूनच.
- महिन्याला ८ पॅक: बचत १२,०००. पगारच १५,०००. म्हणजे सरळ तोटा.

तयार पॅक बिघडला, तर वॉरंटीत तो सप्लायर बदलून देतो. घरचा बिघडला, तर खिसा आपला.

मग करायचं काय?
१. सुरुवात तयार पॅकने करा. वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.
२. किती पॅक परत येतात आणि का, याची वहीत नोंद ठेवा.
३. पगार, वॉरंटी, हप्ता वजा जाऊनही सलग सहा महिने पैसे उरतील इतकी विक्री झाली, की मगच मशीन घ्या.

आणखी एक. पॅक दुसऱ्याने बनवला, पण तुम्ही तो स्वतःच्या ब्रँडने विकता? तरी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे उत्पादक तुम्हीच ठरता. नोंदणीचं आधी विचारून घ्या.

आजचा गृहपाठ: वरच्या गणितात स्वतःचे आकडे घाला. उत्तर कागदच देईल!