उकिरड्यातील धन

डोळखांबच्या परिसरात भाताचे रोप तयार करण्यापूर्वी शेण व पालापाचोळा जाळून राब भाजतात. त्याने तण मरते खरे. परंतु पिकाचे अन्न असलेला नत्र धुराबरोबर उडून जातो. मग विकतचे खत आणावे लागते.

पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी दाखविलेली ‘नाडेप’ रीत पाहा. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असा विटांचा हौद बांधून हवेसाठी भिंतींत भोके ठेवतात. त्यात केरकचरा, शेणकाला व माती यांचे थर रचून ओल राखतात. सुमारे ४ महिन्यांत खत तयार होते. काच व प्लॅस्टिक कुजत नाही; ते वेगळे काढून भंगारात विकावे.

मुलांनो, घरचा केर शेताच्या कामी आला, की खतावर खर्च होणारा पैसा घरातच राहतो.