अणुवीज केंद्राचा पहारा

पाठपरिचय : अणुवीज केंद्रावर नेहमी कडक पहारा असतो. हा पहारा कशासाठी असतो, तो कोण ठेवतो आणि केवळ बंदुकीने तो पुरा होतो का, याची माहिती या पाठात दिली आहे.

मुंबईहून डहाणूकडे जाताना बोईसर नावाचे स्थानक लागते. तेथून जवळच, अरबी समुद्राच्या काठी, तारापूर अणुवीज केंद्र आहे. ते १९६९ साली सुरू झाले. भारतातील हे पहिले अणुवीज केंद्र होय. केंद्राभोवती उंच कुंपण आहे. फाटकावर सशस्त्र जवान उभे असतात. परवानगीशिवाय कोणालाही आत जाता येत नाही.

मुलांनो, बँकेच्या दारात बंदूकधारी शिपाई का असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. बँकेत पैसे असतात. पण वीज केंद्रात ना सोने, ना नोटा! मग एवढा बंदोबस्त कशासाठी?

याचे उत्तर समजण्यासाठी आधी अणुभट्टीचे काम समजून घेऊ. अणुभट्टीत युरेनियमच्या अणूंचे विभाजन होते. त्यातून खूप उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोराने टर्बाइन फिरते आणि वीज तयार होते. अणुभट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होत नाही, कारण तिच्यातील इंधन बॉम्बच्या इंधनाइतके तीव्र नसते. परंतु वापरलेल्या इंधनातून घातक किरण बाहेर पडतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नसतो. म्हणून हे इंधन जाड भिंतींच्या आत बंद ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चूल विझवली, तरी निखारे बराच वेळ धगधगत राहतात. अणुभट्टीचेही तसेच आहे. भट्टी बंद केली, तरी आतील इंधन तापतच राहते. त्यावर सतत पाणी फिरवावे लागते. पाणी फिरवण्यासाठी पंप हवेत आणि पंपांसाठी वीज हवी. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये मोठा भूकंप झाला. फुकुशिमा येथील चालू अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. पण नंतर समुद्राची प्रचंड लाट आली आणि वीज देणारी डिझेल जनित्रे पाण्यात बुडाली. पंप थांबले. तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. हजारो लोकांना घरे सोडावी लागली.

हे काम निसर्गाने केले. पण एखाद्या माणसाने मुद्दाम पंप बंद पाडले किंवा विजेच्या तारा तोडल्या तर? यालाच घातपात म्हणतात. म्हणून पहारा केवळ अणुभट्टीवर ठेवून चालत नाही. पाणी, पंप, जनित्रे आणि तारा यांचेही रक्षण करावे लागते.

आपल्या देशातील अणुवीज केंद्रांच्या रक्षणाचे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. हे दलही १९६९ सालीच उभे राहिले. केंद्रात एकामागून एक अशी अनेक कुंपणे व दरवाजे असतात. प्रत्येक दरवाजा ओलांडताना ओळखपत्र दाखवावे लागते. सामानाची तपासणी होते. ज्याचे जेथे काम असेल, तेथेच त्याला प्रवेश मिळतो.

बाहेर पडतानाही तपासणी होते. अंगावर किंवा कपड्यांवर किरणोत्सारी धूळ असेल, तर यंत्राची घंटा वाजते. या घंटेची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एप्रिल १९८६ मध्ये स्वीडनच्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे घंटा वाजली. सर्वांना वाटले, आपल्याच केंद्रात बिघाड झाला. शोध घेतला, तर बिघाड सापडेना! ती धूळ हजार किलोमीटरहून दूर असलेल्या चेर्नोबिलहून वाऱ्याबरोबर आली होती. तेथे दोन दिवसांपूर्वी, २६ एप्रिलला, भीषण अपघात झाला होता. सोव्हिएत सरकारने तोपर्यंत जगाला काहीच कळवले नव्हते.

कुंपण बाहेरच्या माणसाला अडवते. पण धोका आतूनच आला तर? नोव्हेंबर २००९ मध्ये कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्रात असे घडले. तेथे कर्मचाऱ्यांच्या लघवीची नियमित तपासणी होते. एका तपासणीत काही जणांच्या शरीरात ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ जास्त आढळला. असे पन्नासांहून अधिक कर्मचारी निघाले. शोध घेतल्यावर कारण कळले. त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी ट्रिटियम असलेले जड पाणी मिसळले होते. तो कूलर केंद्राच्या आत होता. तेथे ओळखपत्राशिवाय कोणी जाऊच शकत नव्हते. म्हणजे हे काम बाहेरच्या चोराचे नव्हते. बंदूक येथे काय करणार? उपयोगी पडली ती रोजची तपासणी. म्हणूनच अशा ठिकाणी नेमणूक करताना माणसाची पूर्ण माहिती घेतली जाते. काही देशांत महत्त्वाच्या खोलीत एकट्याने जायचे नाही, दोघांनी मिळून जायचे, असा नियम असतो.

आजचा चोर भिंत चढूनच येतो असे नाही. तो संगणकातूनही येतो. २०१९ साली तमिळनाडूतील कुडनकुलम केंद्राच्या कार्यालयीन कामाच्या एका संगणकात घातक प्रोग्राम सापडला. तो संगणक इंटरनेटला जोडलेला होता. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा मात्र त्यापासून वेगळी ठेवलेली होती. त्यामुळे तिला धोका पोहोचला नाही.

सर्वांत मोठा धोका युद्धाचा असतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधील झापोरिझ्झिया केंद्र रशियाच्या सैन्याने ताब्यात घेतले. हे युरोपातील सर्वांत मोठे अणुवीज केंद्र आहे. लढाईत त्याला बाहेरून वीज पुरवणाऱ्या तारा अनेक वेळा तुटल्या. काही वेळा डिझेल जनित्रांवर पंप चालवावे लागले. फुकुशिमाची आठवण सगळ्या जगाला झाली.

सैन्यापुढे फाटकावरचे जवान किती टिकणार? तेथे करारच कामी येतो. असा एक करार भारत आणि पाकिस्तान यांच्यात आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबाद येथे त्यावर सह्या झाल्या. तेव्हा राजीव गांधी भारताचे व बेनझीर भुत्तो पाकिस्तानच्या पंतप्रधान होत्या. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असे दोन्ही देशांनी कबूल केले. दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. पहिली यादी १९९२ साली दिली गेली. १९९९ साली कारगिलचे युद्ध झाले. तरी पुढच्या १ जानेवारीला यादी पोहोचली. दोन्ही शेजारी इतर अनेक बाबतींत भांडले, पण हा शब्द त्यांनी पाळला. कारण वाऱ्याला सरहद्द कळत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

कुंपण, जवान, यंत्रे आणि करार यांपैकी एकही पुरेसे नाही. प्रत्येकाने आपले काम इमानाने केले, तरच पहारा पक्का राहतो.

शब्दार्थ
बंदोबस्त – संरक्षणाची व्यवस्था
विभाजन – तुकडे होणे
निखारे – जळते कोळसे
जनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र
घातपात – मुद्दाम केलेले नुकसान
शब्द पाळणे – दिलेले वचन पुरे करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तारापूर अणुवीज केंद्र कोणत्या साली सुरू झाले?
(आ) अणुवीज केंद्रांचे रक्षण कोणते दल करते?
(इ) फोर्समार्क येथे घंटा का वाजली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अणुभट्टी बंद केल्यावरही पाणी का फिरवावे लागते?
(आ) कैगा येथील घटनेत बंदुकीचा उपयोग का झाला नसता?

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
बाहेर, उंच, युद्ध, जवळ

प्र. ४. बंदोबस्त, दरवाजा, करार, सरहद्द, इमान हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा. मराठीत 'यादी' म्हणजे काय? उर्दूत त्यासाठी कोणता शब्द वापरतात?

प्र. ५. 'कुंपणापेक्षा माणूस महत्त्वाचा' या विषयावर आठ ओळी लिहा.