कॉलेजची फी आणि पेरणी एकाच महिन्यात



जून उजाडला की गटाच्या बैठकीत दोन कर्जमागण्या एकदमच येतात. एक बी-बियाणं आणि खताची, दुसरी मुलांच्या ॲडमिशनची. गटाची पेटी मात्र एकच. दप्तर तपासताना मला दरवर्षी दिसतं, बियाण्याला कुणी नाही म्हणत नाही. पेरणी चुकली तर वर्ष गेलं, हे सगळ्यांना कळतं. मुलीच्या ॲडमिशनला मात्र "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळतं. आणि पुढच्या वर्षी बहुतेक घरांत स्थळ बघितलं जातं.

आमच्या एका ताईची गोष्ट सांगते. मुलीचा कॅप राउंडमध्ये फार्मसीला नंबर लागला. पेढे वाटले. कॉलेजच्या खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागितला, तो निघाला दोन वर्षांपूर्वीचा. नवीन येईपर्यंत 40 हजार भरा, नाहीतर जागा जाईल, असं सांगितलं गेलं. गटाने 15 हजार दिले. उरलेले 25 हजार ताईने गावातल्या एकाकडून महिना पाच टक्क्यांनी उचलले. म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये नुसतं व्याज. मुद्दल फिटायला आठ महिने लागले, तोवर दहा हजार व्याजात गेले. मुलगी फीमाफीच्या योजनेत बसत होती. एका दाखल्यापायी दहा हजार! म्हणून आजचा पाठ जूनच्या आधी, आत्ताच घेऊ.

पहिला प्रश्न विचारायचा तो "पैसे कुठून आणू" हा नाही. "ही फी मुळात आपल्याला लागू आहे का" हा आहे.

2024-25 पासून आपल्या राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे. आधी ते निम्मं माफ होतं. आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींसाठी ही सवलत आहे, घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, वैद्यकीय असे अभ्यासक्रम यात येतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आधीपासून आहेच, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, आणि तो दरवर्षी भरायचा. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही. इथे कितीतरी मुली मागे राहतात.

आता यातली मेख ऐका. प्रवेश शासनाच्या कॅप राउंडमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. आणि खाजगी विद्यापीठ किंवा खाजगी अभिमत विद्यापीठ असेल तरीही माफी नाही. नावात "विद्यापीठ" आहे, इमारत चकाचक आहे, गावात येऊन पत्रकं वाटली, म्हणून ते सरकारी होत नाही. फॉर्म भरण्याआधी सरळ विचारा: हे शासनाचं विद्यापीठ की खाजगी? कॉलेज अनुदानित की विनाअनुदानित?

हा अनुदानित-विनाअनुदानित फरक एकाच कॉलेजात, एकाच छपराखाली असतो बरं का. साधी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अनुदानित तुकडीत असते, कारण प्राध्यापकांचा पगार शासन देतं. तिची फी आपल्या आवाक्यात असते. शेजारच्या वर्गातलं बीबीए, बीसीए बहुधा विनाअनुदानित, तिथे सगळा खर्च फीमधून निघतो, म्हणून आकडा कितीतरी पट मोठा. बीसीए घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण मुलीला नेमकं काय करायचंय ते विचारून, दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून मग ठरवा. "मैत्रिणीने घेतलं म्हणून" यासाठी घर कर्जात घालू नका.

माफी झाली तरी खर्च उरतोच. विकास शुल्क, खोली, मेस, पुस्तकं. येणंजाणं एसटीने जमत असेल तर विद्यार्थी पासात प्रवासाचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. राहायचं असेल तर आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. म्हणून शेतमजुरीबरोबर बांधकामावर जाणाऱ्या तायांनी कामगार नोंदणी करून ठेवावी.

सगळ्यात अडतं ते वेळेवर. फी जुलैत लागते, शिष्यवृत्ती कधी येईल ते आपल्या हातात नाही. मधल्या या खड्ड्यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहे. खड्ड्यासाठीच, चार वर्षांच्या शिक्षणासाठी नाही. हिशेब बघा. 15 हजार, महिना दोन टक्के, दर महिन्याला दीड हजार मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांत व्याज होतं 1,650 रुपये. तेच 15 हजार सावकाराकडून पाच टक्क्यांनी घेऊन मुद्दल तसंच ठेवलं, तर दहा महिन्यांत व्याजच 7,500. गटाचं व्याज गटात राहतं हा वेगळा फायदा. पण हप्ता शिष्यवृत्तीच्या भरवशावर ठेवू नका. दूध, शिलाई, रोजंदारी, जे दर महिन्याला येतं त्यावर ठेवा.

आणखी एक. काही योजनांत कॉलेजच्या फीचे पैसेसुद्धा मुलीच्याच खात्यात जमा होतात. ते आपले नसतात, कॉलेजचे असतात. त्यातून पत्रे घातले की परीक्षेच्या फॉर्मला अडचण आलीच समजा.

मोठी रक्कम लागणार असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्यावं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि आपला हिस्साही घालावा लागत नाही. आई सहकर्जदार होऊ शकते, सातबारा वडिलांच्या नावावर आहे म्हणून अडत नाही. हप्ता शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे बँकेत कुणी ठासून सांगत नाही. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर त्या काळातलं व्याज केंद्र शासन भरतं, मात्र कॉलेज त्या योजनेच्या नियमात बसलं पाहिजे. कर्ज घेतानाच बँकेत विचारा. शाखेत तोंडी "होत नाही" म्हणाले तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा, म्हणजे नोंद राहते.

आणि मुलीने थोडं कमावणं यात कमीपणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते "कमवा आणि शिका" याच पायावर. आजही अनेक विद्यापीठांत आणि कॉलेजांत ही योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत दिवसाचे दोन-तीन तास काम असतं. मेसचं निघतं. तिने पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी विकास विभागात चौकशी करावी.

आता घरपाठ. मेच्या बैठकीत बारावीला मूल असलेल्या प्रत्येक ताईने फाइल घेऊन यायचं. उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतरचा, नव्या आर्थिक वर्षाचा हवा. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, अधिवास हे बघा. जात पडताळणीला महिने जातात, म्हणून मूल अकरावीला असतानाच अर्ज टाका. बँक पासबुकही बघा: मुलींची शाळेपासून दोन-तीन खाती असतात, आणि शिष्यवृत्ती जाते ती आधारला जोडलेल्या खात्यात. ते कोणतं, चालू आहे की बंद पडलंय, हे बँकसखीकडून तपासून घ्या. कुणाला किती रुपये, किती महिन्यांसाठी लागतील ते त्याच दिवशी इतिवृत्तात लिहा, म्हणजे बियाण्याचं आणि फीचं कर्ज दोन्ही बसवता येईल.

कॉलेजला जाताना झेरॉक्सचे दोन संच न्या. मूळ कागद दाखवून परत आणायचे, ते ठेवून घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे. प्रवेश रद्द करावा लागला तर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी लेखी अर्ज दिल्यास जवळपास सगळी फी परत मिळते, तारखेनंतर 15 दिवसांच्या आत 80 टक्के, महिन्याच्या आत निम्मी, आणि त्यानंतर काही नाही. अर्जाच्या प्रतीवर कॉलेजचा शिक्का आणि तारीख घेऊनच खिडकीवरून हला.