पाऊस पुरे, हे सांगायला

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. परतीचा पाऊस तिसऱ्या दिवशीही हटलेला नाही. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आबा वर्तमानपत्र पसरून बसलेत. समोर पतंगी कागदाचा लाल ताव, बांबूच्या दोन कामट्या, वाटीत कणकेची खळ. सोसायटीच्या नेपाळी राखणदाराचा मुलगा सकाळपासून पतंगासाठी दुकानं पालथी घालून आला होता. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, संक्रांतीला ये. आबांची उमेदीची बारा वर्षं नेपाळात पूल बांधण्यात गेली. नात यंदा बारावीला आहे.

नात : पण आबा, दुकानदाराचं काय चुकलं? ऑक्टोबरात कोण पतंग उडवतं?

आबा : आपल्याकडे जानेवारीत उडतो म्हणून जगात सगळीकडे जानेवारीतच उडायला हवा का? त्या पोराच्या गावी आता दसैं येतोय. म्हणजे आपलं नवरात्र आणि दसरा. पण तिथं तो दशमीला संपत नाही, कोजागिरीपर्यंत पंधरा दिवस चालतो. त्या दिवसांत दुपारी काठमांडूच्या कुठल्याही गच्चीवर जा. गच्चीला ते कौसी म्हणतात आणि पतंगाला चंगा. एकेका कौसीवर सात-आठ पोरं, दोन-तीन बाप्ये आणि एखादी आजी उन्हात बसलेली असतेच.

नात : आणि रावण?

आबा : रावण जाळणं ही उत्तर हिंदुस्थानातली रीत. दसैं देवीचा. घटस्थापनेला बंद खोलीत, उजेड लागू न देता जव पेरतात. उजेड नाही म्हणून अंकूर पिवळेधमक येतात. त्याला जमरा म्हणतात. दशमीला घरातला वडीलधारा माणूस दही, तांदूळ आणि लाल अबीर कालवून कपाळाला जाडसर टिळा लावतो आणि जमरा डोक्यात खोवतो. आपण घटाखाली धान्य पेरतो आणि दसऱ्याला ते टोपीत खोवतो, ते काय वेगळं आहे? ती कामटी दे. ही नाही, बारकी.

नात : ही?

आबा : हं. ही कमान होणार. वाकवून बघ, मधेच कोन पडला तर टाकून द्यायची. सारखी वाकली पाहिजे.

नात : पण देवीच्या सणात पतंग कुठून आला?

आबा : पावसातून. तिथं वर्षाच्या पावसातला ऐंशी टक्के पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. असार महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे जूनच्या अखेरीला, भाताची लावणी करायची आणि दही-चिउरा खायचा. चिउरा म्हणजे आपले पोहे. तेव्हा सगळे वर बघतात ते पाऊस यावा म्हणून. मग दसैंपर्यंत भात पोटरीतून बाहेर पडलेलं असतं, दाणा भरत असतो. आता पाणी नको, ऊन हवं. म्हणून इंद्राला निरोप धाडायचा की बाबा, भरपूर दिलंस, आता पुरे. तो निरोप चंगा घेऊन जातो. काही जण असंही सांगतात, की पितृपक्ष नुकताच उलटलेला असतो, तेव्हा पतंग वर गेलेल्यांना वाट दाखवतो. पण शेतकऱ्याच्या घरात मी ऐकलं ते पावसाचंच.

नात : इंद्रालाच का?

आबा : कारण इंद्राची आणि काठमांडू खोऱ्याची देवाणघेवाण जुनी आहे. दसैंच्या आधी तिथं इंद्रजात्रा होते, आपल्या पंचांगानं भाद्रपद शुद्ध द्वादशीपासून आठ दिवस. कथा अशी, की इंद्र आईच्या व्रतासाठी पारिजातकाची फुलं चोरायला काठमांडूत उतरला आणि लोकांनी त्याला चोर म्हणून बांधून ठेवला. आई शोधत आली. मुलाला सोडवायच्या बदल्यात तिनं कबूल केलं, की तुमच्या पिकांना हिवाळ्यात दव आणि धुकं देईन. बघ, देवाला धरून ठेवून त्याच्याकडून पाण्याचा हिशेब घेणारी माणसं ती. मग काही दिवसांनी कागदावरून निरोप धाडायला कशाला कचरतील?

नात : छान आहे. पण आबा, एक कळत नाही. तिथंही काटाकाटी करतात ना?

आबा : करतात म्हणजे काय! कापला की सगळी कौसी ओरडते, चेट! पलीकडच्या गल्लीतून, दिसत नसलेल्या माणसांचंही येतं, चेट!

नात : मग निरोपच असेल तर तो कापायचा कशाला? आपणच पाठवायचा आणि शेजाऱ्याचा मधेच तोडायचा?

आबा : तू ना, कथेला वकिलासारखी धरतेस. खळ आण इकडे. कड दुमडताना दोरा आत घालायचा, म्हणजे वाऱ्यानं कागद फाटत नाही. नेपाळी चंगा असो की येवल्याचा पतंग, इथं फरक नाही.

नात : मांजा कसा कापतो, तेही मला नीट माहीत नाही.

आबा : तुझ्या आजीच्या शिवणाच्या डब्यातले दोन दोरे घे. एक दोन्ही हातांनी ताणून धर. आता माझा दोरा त्याच्यावरून मी सरकवत राहतो. बघ काय होतं. माझा दोरा सगळ्या लांबीभर थोडा थोडा झिजतोय. तुझा मात्र एकाच ठिकाणी घासला जातोय.

नात : तुटला!

आबा : पेच म्हणजे एवढंच. जो थांबला तो गेला. काचेची पूड आणि खळ हे नंतरचं, मुळात सरकता दोरा थांबलेल्या दोऱ्याला कापतो. म्हणून ढील देणारा सरसर देत राहतो, खेचणारा खेचत राहतो. अडखळला की संपला. आणि हे सगळं सुती दोऱ्यावर, हे लक्षात ठेव. माझ्या या बोटावरची रेघ बघ. नेपाळातल्या पाटणच्या कौसीवरची आहे, पस्तीस वर्षं झाली. सुती मांजा बोट चिरतो, पण हिसका बसला की स्वतः तुटतो. हल्लीचा नायलॉनचा दोरा तुटतच नाही. स्कूटरवरच्या माणसाच्या गळ्यात अडकला तर गळा तुटतो, दोरा नाही. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला बातम्या येतातच. झाडावर लटकलेली घार तर बातमीतही येत नाही. मला याचा संताप येतो. ज्यांनी कधी स्वतः ढील दिली नाही, त्यांना न तुटणारा दोरा हवा असतो. तुटणं हाच तर खेळ आहे गं!

नात : म्हणजे तुटणं हवंच. तरी माझा प्रश्न तसाच राहतो. निरोप का तोडायचा?

आबा : बरं. गंभीरपणे सांगतो. मला वाटतं, या दोन गोष्टी दोन वाटांनी आल्या. निरोपाची कल्पना शेतातली. पेच आला मैदानी मुलखातून, शब्दांवरूनच कळतं. चक्रीला ते लट्टाई म्हणतात, बंगालीत लाटाई. मांजा तर सगळीकडे मांजाच. काठमांडूत असनच्या बाजारात लखनौचे पतंग मिळायचे, हलके, ताठ. लखनौची काटाकाटी सगळ्या उत्तरेत पसरली. नवाब वाजिद अली शाहला इंग्रजांनी १८५६ मध्ये गादीवरून उतरवलं, तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिला आणि त्याच्यासोबत पतंगबाजही गेले. आजही तिथं विश्वकर्मा पूजेला, सप्टेंबरच्या मध्याला, आकाश भरतं. कापल्यावर बंगाली ओरडतो भोकाट्टा. तोही शरदाचाच पतंग. तेव्हा कुणाच्या घरचा निरोप आणि कुणाच्या घरचा पेच, एकाच गच्चीवर भेटले. माणसं एकाच खेळात दोन-दोन गोष्टी करतात. हे पटत नसेल तर माझ्याकडे दुसरं नाही.

नात : अर्धं पटलं. पण दुसरीच शंका आली. पावसात कागद भिजतो, म्हणजे पाऊस थांबल्यावरच पतंग उडणार. मग थांबलेल्या पावसाला थांब म्हणून काय सांगायचं?

(आबा खळीचं बोट कागदावर तसंच ठेवून थांबतात.)

आबा : हा खरा प्रश्न. ऐक. २०२१ मध्ये विजयादशमी १५ ऑक्टोबरला होती. टिळे लावून झाले, लोक गावोगाव आहेर-पाहुणचारात. आकाश निरभ्र म्हणून पश्चिमेकडच्या तराईत भात कापून शेतातच वाळत टाकलेलं. १७ तारखेपासून पाऊस सुरू झाला, सलग तीन दिवस. कापलेलं भात पाण्यावर तरंगलं. पेंढ्यांना शेतातच कोंब फुटले. दरडी, पूर यांत शंभराहून अधिक माणसं गेली. २०२४ मध्ये तर घटस्थापनेला पाच-सहा दिवस उरले असताना काठमांडू खोऱ्यातच असा पाऊस झाला, की बागमतीचं पाणी वस्त्यांत शिरलं. देशभरात दोनशेच्या वर मेले. तेव्हा निरोप ‘थांब’ असा नसतो, पोरी. ‘गेलास ना, आता परत येऊ नकोस’ असा असतो.

नात : आपल्या सोयाबीनसारखं.

आबा : अगदी तसंच. आपल्या मराठवाड्यात शेंगा तडकायला आलेल्या, आणि वर हा असा परतीचा पाऊस. शेंगेतच दाणा उगवतो. आपल्याकडे या पावसाला नाव आहे, पण त्याला सांगायला कुणी गच्चीवर जात नाही. काठमांडूत जातात. माझ्या घरमालकिणीचं अर्ध्या कौसीवर भात वाळत असायचं, गुंदरीवर पसरलेलं. उरलेल्या अर्ध्यात आम्ही चंगा उडवायचो. तिचा नातू पेच लढवत असायचा आणि ती दर अर्ध्या तासानं उठून पायानं भात फिरवायची. एकदा कापलेला पतंग नेमका त्या भातावर येऊन पडला. तिनं तो उचलला, दाणे झटकले, वर बघितलं आणि म्हणाली, घाम लागोस्. म्हणजे ऊन पडू दे. झालं, एवढंच. उत्तरेला गणेश हिमाल, लांगटांग अशी सगळी रांग लख्ख दिसत होती. पावसाळाभर ढगात असते ती. पहिल्यांदा दिसते तेव्हाच दुपारचा पश्चिमेचा वाराही धरतो. म्हणून पोरांना कुणी सांगावं लागत नाही, लट्टाया बाहेर निघतात.

नात : तुम्ही झोके घेतले तिथले? खालचा तो मुलगा झोक्याचंही काहीतरी सांगत होता.

आबा : लिंगे पिंग. चार उंच बांबू वर एकत्र बांधून केलेला झोका. दसैंत एकदा तरी पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत म्हणतात. म्हातारीकोतारीही बसतात. आणि तू त्या मुलाशी बोललीस, हे बरं केलंस. त्याच्या वडिलांचं नाव काय?

नात : …बहादूर?

आबा : ते त्याचं नाव आहे का? विचारलंस? पाच वर्षं तो माणूस रात्री आपलं फाटक उघडतो. अख्खी सोसायटी त्याला बहादूर म्हणते, आणि याच्या आधीचाही बहादूरच होता. एकाला ठेवलेलं नाव दुसऱ्याला चिकटवून मोकळे होतो आपण. या दिवसांत मुंबई-पुण्यातली अर्धी नेपाळी माणसं गोरखपूरच्या गाड्या पकडून घरी जातात, कारण दशमीला आईच्या हातचा टिळा हवा असतो. याला यंदा रजा मिळाली नाही. कुणाला माहीत आहे? तू घरातली शहाणी, तुलाही नाही.

नात : खरंय आबा. चुकलं.

आबा : चल, पतंगाचं मंगळसूत्र बांधू. वर जिथं कमान आणि दांडी मिळते, तिथं एक भोक, खाली टोकाकडे एक. दोरा दोन्हीत ओवायचा. वरची बाजू खालच्यापेक्षा बोटभर आखूड. आता गाठीला धरून उचल. कुठं झुकतो?

नात : डावीकडे.

आबा : डाव्या कामटीचं टोक थोडं तासावं लागेल. शेपूट लावायचं नाही. शेपटाचा पतंग एका जागी उभा राहतो, लढत नाही. याचा सगळा खेळ दोऱ्याच्या ताणात आहे. दोरा ताणलास की कमान मागे वाकते, पतंग स्थिर होतो आणि नाक असेल तिकडे सुटतो. सैल सोडलास की कागद सपाट होतो आणि जागच्या जागी गिरकी घेतो. नाक हव्या त्या दिशेला आलं की पुन्हा ताण. शिखांच्या ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांचं एक पद आहे, त्यात पतंग उडवणारं पोर आहे. ते सोबत्यांशी बोलत असतं, पण चित्त दोरीत असतं. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसानं बरोबर तेच बघितलंय. बोलायला हरकत नाही, बोट दोरीवर पाहिजे.

नात : आता उडवायचा?

आबा : या पावसात? खळ वाळायला रात्र जाईल. कपाटावर आडवा ठेव, उभा ठेवलास तर कमान वळेल.

नात : आणि मी विचारलं ते? निरोप का कापायचा?

आबा : ते त्या पोराला विचार. मी बारा वर्षं राहिलो, तो तिथला आहे.

(ती जिन्याकडे निघते.)

आबा : अगं, छत्री घे. आणि आधी नाव विचार.